भागुजीभाऊंची नऊ वर्षं

भागुजीभाऊंच्या तोंडून ‘मोटार जळाली’ हे शब्द मी कधी ऐकले नाहीत. विहिरीवरची मोटार जीपमधून, बैलगाडीतून, कधी मोटारसायकलच्या कॅरियरला बांधून लेण्याद्रीच्या पायथ्याशी त्यांच्या पत्र्याच्या दुकानात यायची. आतली तांब्याची तार काळीठिक्कर पडलेली असायची, वास दहा पावलांवरून नाकात शिरायचा, आणि आणणारा शेतकरी उभं पीक वाळतंय म्हणून रडकुंडीला आलेला असायचा. भागुजीभाऊ झाकण उघडून आत बघायचे आणि शांतपणे म्हणायचे, “दमलीया. दोन दिस बसू द्या हितं.” मग जुनी तार उपटून सगळी नवी भरायचे, व्हार्निश पाजायचे, उन्हात ठेवायचे. तिसऱ्या दिवशी पैसे देताना शेतकऱ्याला कळायचंच की ती जळालेली होती. पण मधल्या दोन रात्री तो झोपलेला असायचा.

मला ही त्यांची सवय कळायला पाच वर्षं लागली. त्याला कारण माझा धंदा. मी लोणीच्या हायस्कुलात क्लार्क. कागदावर आहे ते खरं, कागदावर नाही ते घडलंच नाही, असं मानून पगार घेणारा माणूस. जन्मतारखेच्या दाखल्यावरून मी गावातल्या निम्म्या लोकांशी भांडलो आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला सांगितलं की रक्ताचा कॅन्सर आहे, पण हळू चालणारा आहे. हळू म्हणजे किती, असं मी विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “तीन-चार वर्षं. कुणाला थोडी जास्त.” मी बाहेर येऊन बाकावर बसलो. माझं वय चौतीस. मुलगी बालवाडीत होती. तीन-चार वर्षं म्हणजे ती दुसरीत असताना की तिसरीत असताना, हा हिशोब मी करत होतो आणि रुमालात तोंड घालून रडत होतो. लाज वाटण्याच्या पलीकडे गेलो होतो.

“पावणं, डाग दिलाय का?”

शेजारी पंचेचाळिशीतला एक माणूस बसला होता. धुवट पायजमा, नखांत काळं ग्रीस. माझा हात डाव्या बरगडीखाली होता, त्यावरून त्यानं ओळखलं असावं. आमच्याकडे पोटात डावीकडे गाठ लागली की पानथरी वाढली म्हणतात आणि तापलेल्या विळ्यानं तिथं डाग देतात. आईनं मलाही नेलं होतं. हायस्कुलातला क्लार्क असून मी मुकाट्यानं शर्ट वर केला होता आणि दोन डाग घेऊन आलो होतो. हे मी डॉक्टरांपासून लपवायचा प्रयत्न केला होता आणि त्यांची बोलणी खाल्ली होती.

मी मान हलवली. त्या माणसानं इकडंतिकडं बघून सदरा वर केला. बरगडीखाली तीन डाग होते, लालसर, करंगळीएवढे.

“तुमचे किती? दोनच? आमचा डागनारा लई दिलदार, राव.” मग सदरा खाली घेऊन म्हणाला, “कंचा हाय तुमचा? पळनारा का हळू चालनारा?”

“हळू.”

“मंग रडता कशापायी? माझा बी त्योच हाय. नऊ वर्षं झाली मला.”

मी रुमाल खाली घेतला. समोरचा माणूस बसला होता, हसत होता, त्याच्या नखांत कामाचं ग्रीस होतं. नऊ वर्षं म्हणजे मुलगी आठवीत. तेवढ्यावर मी उठून उभा राहिलो.

हेच भागुजीभाऊ. रक्त द्यायच्या खिडकीकडे तेच मला घेऊन गेले, अगदी हाताला धरून. ती खिडकी एक्स-रेची निघाली. आतला माणूस खेकसला. “दर साली खिडक्या बदलत्यात ही लोकं,” असं म्हणून भागुजीभाऊ मला दुसऱ्या टोकाला घेऊन गेले. तिथंही त्यांनी आधी एका मावशीला विचारलं. मी क्लार्क असूनही यातलं काही टिपून ठेवलं नाही.

पंधरा दिवसांनी ते लोणीला आमच्या घरी आले. जुन्नरहून मंचर, मंचरहून लोणी, दोन गाड्या बदलून, का तर ‘नवा मानूस घरी काय खातो ते बघाया’. आईनं पाण्याचा तांब्या हातात धरूनच विचारलं, “कुठलं म्हनायचं तुमी?” तिला गाव नको होतं, हे त्यांनाही कळलं. “लेण्याद्रीखालचे. आमी जयभीमवाले,” ते सरळ म्हणाले. आई घुटमळली. मला आजही तिच्या त्या घुटमळण्याची शरम वाटते. मग ती म्हणाली, “नऊ वर्षं झाली का हो खरंच?” ते म्हणाले, “खरंच.” आईनं कपाटातल्या कपबश्या काढल्या, ज्या आम्ही इन्स्पेक्टर आल्यावर काढायचो. नंतर तिनं त्यांना तुम्ही काय खाता म्हणून विचारलं. शिळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, असं ते बोलून गेले. पुढचे सहा महिने मी रोज सकाळी शिळी भाकरी खाल्ली.

दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी आमची तपासणी असायची. जुन्नर-पुणे गाडीची मागची दोन बाकं भागुजीभाऊ पिशव्या टाकून धरायचे. नारायणगावला खोडदच्या अंजनाबाई चढायच्या, मंचरला मी. पुढे आम्ही सहा जण झालो. कुणाला रक्ताच्या खिडकीपाशी त्यांनी गाठलेलं, कुणाच्या घरी ते पत्ता काढत गेलेले. आमच्या या टोळक्याला कुणी नाव दिलं नाही. कंडक्टर ‘बुधवारवाले’ म्हणायचा. भागुजीभाऊंचा एक कडक नियम होता. खेडचा स्टँड येईपर्यंत आजाराचं नाव काढायचं नाही. तोवर टोमॅटोचे भाव, कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाची विहीर आटली. खेड सुटलं की ते म्हणायचे, “हां, आता काढा ज्याच्या त्याच्या गाठी.” मग कुणाला गोळीनं तोंड आलंय, कुणाची नखं काळी पडलीत, कुणाला रात्रीचा घाम सुटतो, हे सगळं दवाखान्याच्या दारापर्यंत चालायचं. बायकोला मी जे कधी सांगितलं नाही ते त्या मागच्या बाकावर सांगितलं आहे. तिथं कुणी डोळ्यांत पाणी आणत नसे. “मला बी व्हतं तसं” एवढंच कुणीतरी म्हणे, आणि ते पुरे.

अंजनाबाई साक्षरता वर्गात नव्यानं वाचायला शिकल्या होत्या आणि ती विद्या त्यांनी आमच्यावर चालवली होती. खताच्या जाहिराती, पेट्रोल पंपाच्या पाट्या, समोरच्या ट्रकच्या मागे लिहिलेलं, सगळं त्या बोट दाखवत मोठ्यानं वाचायच्या. आमचे रिपोर्टही. “पांढऱ्या पेशी, ऐं-शी ह-जार,” असं त्या वाचत आणि पुढच्या बाकावरचे प्रवासी वळून बघत.

दुकानात भागुजीभाऊंचं एक लांबडं रजिस्टर होतं. पुढच्या पानांवर मोटारी: कुणाची, किती एचपी, तारेचा गेज, किती वेढे. उलटीकडून सुरू केलेल्या पानांवर आम्ही: नाव, गाव, महिना, काउंट. अक्षर वाईट पण नोंद चोख. मी ते रजिस्टर एकदा धंद्याच्या सवयीनं चाळलं. सगळ्यांची पानं होती, त्यांचं नव्हतं.

“तुमचं पान कुठं आहे?”

“मिस्तरी सोताची मोटार लिवून ठेवतो व्हय, सायेब?” ते म्हणाले. मला ‘सायेब’ म्हणताना त्यांच्या डोळ्यांत मिस्कीलपणा असायचा. मी हसलो आणि रजिस्टर मिटलं.

आमच्यात ओतूरचे एक गुरुजी होते. ते लागोपाठ दोन बुधवार आले नाहीत. “गुरुजींनी दवाखाना बदलला,” भागुजीभाऊंनी गाडीत सांगितलं. “ममईला ल्येकाकडं गेलं. तिकडं लई भारी दवाखानं हायेत.” अंजनाबाई म्हणाल्या, बरं झालं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण गुरुजींच्या दुखवट्याचा ठराव आठ दिवसांपूर्वी आमच्या शाळेत आला होता आणि मीच तो फाइलला लावला होता. परतताना मी भागुजीभाऊंना एकटं गाठलं आणि बरंच बोललो. माणूस मेला की मेला म्हणावं, आम्ही काय लहान पोरं आहोत का, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं.

“सांगितलं असतं तर आज अंजनाबाय घरी जाऊन जेवली असती का?”

“खोटं ते खोटंच.”

“व्हय,” ते म्हणाले. “खोटंच.”

मी महिनाभर घुश्शात होतो. तसा माझा स्वभाव किरकिराच आहे.

या अंजनाबाईंनी दुसऱ्या वर्षी गोळ्या बंद केल्या होत्या. नवरा नाही, मुलगा नववीत. जायचंच आहे तर पोराच्या शिक्षणाचे पैसे गोळीत कशाला घालू, असं त्यांचं म्हणणं. भागुजीभाऊंनी त्यांना लेण्याद्रीला बोलावलं आणि मलाही. वर लेण्यात गणपती आहे, त्याच रांगेत स्तूपाचं लेणं आहे. पायऱ्या एकच. “तुमी तुमच्याकडं जा, मी माझ्याकडं जातो, पर चढायचं संगं,” ते म्हणाले. पन्नास-साठ पायऱ्या झाल्या की ते बसायचे. अंजनाबाई दमल्या म्हणून बसलो, असं म्हणायचे, पण त्यांचा हात डाव्या बरगडीवर असायचा आणि ओठ पांढरे पडलेले असायचे. डोलीवाले विचारून गेले. “म्हातारपनी बसू डोलीत, आता न्हाई,” ते म्हणाले.

दर्शन घेऊन आम्ही बाहेर आलो तरी भागुजीभाऊंचा पत्ता नव्हता. मी बघायला गेलो. स्तूपापुढच्या अंधारात ते एका खांबाला कपाळ टेकवून उभे होते. खांदे हलत होते. धाप लागली असेल, असं मला वाटलं. मी मागच्या पावली परतलो.

उतरताना अंजनाबाई म्हणाल्या, “भाऊ, तुमची धा झाली नव्हं? म्या बी गनपतीकडं धा मागितली. तवर पोरगं हाताशी येतंय.”

“आगं, अकरा मागायची! माझी दिवाळीत अकरा व्हत्यात.”

अंजनाबाई परत दोन पायऱ्या चढल्या, तिथूनच हात जोडले आणि दुरुस्ती करून आल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गोळी सुरू केली.

अशी ती वर्षं चालली. नऊची दहा, अकरा, बारा, तेरा. दर दिवाळीनंतरच्या बुधवारी ते पेढे आणायचे आणि आम्ही त्यांच्या वर्षांवर आपापली वर्षं मोजायचो. डॉक्टरांनी मला दिलेली मुदत त्यात कुठं उलटून गेली, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

मग नवी गोळी आली. हा आजार तिथल्या तिथं धरून ठेवते, असं डॉक्टर म्हणाले. विकत घेणं आमच्यापैकी कुणालाच शक्य नव्हतं, पण एका योजनेतून ती फुकट मिळणार होती. अर्ज हवा, तहसीलदाराचा दाखला हवा, पहिल्या दिवसापासूनची फाइल हवी. अर्ज भरायचं काम अर्थात माझं. एका रविवारी दुकानातल्या बाजेवर बसून मी सगळ्यांचे अर्ज भरले. अंजनाबाई शेजारी बसून प्रत्येक रकाना मोठ्यानं वाचत होत्या. नाव, गाव, वय. “आ-जा-राचं नि-दान प्र-थम झा-ल्याची ता-रीख.”

“भाऊ, तुमची फाइल?”

“घावंना झालीया. तुमचे होऊ द्या आधी.”

पुढच्या महिन्यात फाइल ट्रंकेत होती आणि ट्रंकेची किल्ली मेहुण्याकडे. त्याच्या पुढच्या महिन्यात फाइलला वाळवी लागली होती. आम्हा चौघांना गोळ्या सुरू झाल्या. माझा काउंट पहिल्यांदाच चांगल्या माणसासारखा आला. भागुजीभाऊंनी तो रजिस्टरात लिहिला आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. मी त्यांच्यावर चिडायचो. इतका व्यवस्थित माणूस स्वतःच्या फाइलबाबत एवढा गबाळा कसा, असं म्हणायचो. सात महिने मी हेच म्हणत राहिलो. एक दिवस दुपारी यावं आणि ट्रंक उघडायला लावावी, एवढं काही मला सुचलं नाही.

फाल्गुनात त्यांच्या बायकोचा, सखूबाईंचा, शाळेत फोन आला. भाऊंना आठ दिवस ताप उतरत नव्हता, हाडं ठणकत होती. मी गेलो. त्या मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या आणि व्हार्निशचे डाग पडलेली पिशवी माझ्या हातात दिली. “ही फाइल. त्यांना सांगू नका म्या दिली म्हनून. काय ते फारम भरा आन गोळी आना.”

फाइल धड होती. वाळवी वगैरे काही नव्हती. मी पहिलं पान उघडलं आणि तारीख वाचली. मग परत वाचली. माझी तारीख मला पाठ आहे, ती कुणालाही असते. भागुजीभाऊंची तारीख माझ्या आधी तीन आठवड्यांची होती.

नऊ वर्षं नव्हती. तीन आठवडे होते. त्या बाकावर बसलेला माणूस माझ्याइतकाच नवा होता. म्हणून खिडकी चुकली. म्हणून डाग लाल होते. जुना डाग पांढरा पडतो, हे मी रोज आंघोळीच्या वेळी स्वतःच्या अंगावर बघत होतो.

पिशवी घेऊन मी बाहेर त्यांच्या बाजेपाशी गेलो. मला प्रचंड राग आला होता. पाच वर्षं मी ज्या फळीवर उभा होतो ती तिथं नव्हतीच.

“भाऊ, नऊ वर्षं?”

त्यांनी पिशवीकडे बघितलं. नाकारलं नाही.

“तुमी पोरावानी रडत व्हता, सायेब. मला डागदरनं तीन आठवड्याआधी तेच सांगितलं व्हतं. मी घरी सांगितलं नव्हतं, कुनालाच न्हाई. तोंडातनं नऊ गेलं. कुठनं आलं ठाव न्हाई.” बोलताना त्यांना दम लागत होता. “आन ऐकल्यावं माझं मलाच बरं वाटलं, राव. वाटलं, आसंल बी.”

“मग अर्ज का नाही भरला? मला एकट्याला सांगायचं!”

“तुमी क्लार्क. तारीख बघितली असती आन तवाच दुकानात तोंड पाडून बसला असता. अंजनाबाय इचारल्याबिगर काय सोडती व्हय? ती माझ्या वर्षांवर चाललीया. वाटलं, सगळ्यांच्या गोळ्या लागू व्हऊ द्या, मंग बघू. मोटार चालंल अजून सा म्हैने, आसं वाटलं.” मग हळूच म्हणाले, “आंदाज चुकला.”

त्यांच्यावर ओरडायला मी गेलो होतो. मी त्यांचे पाय धरले आणि रडलो. माझ्या आयुष्यातली पाच वर्षं त्या माणसानं थापा मारून मला दिली होती आणि स्वतःची घालवली होती. मी अर्ज भरला. तारीख खरी लिहिली. पण तो अर्ज मी एकट्यानं नेला आणि अंजनाबाईंना काही बोललो नाही. गोळ्या मंजूरही झाल्या. डॉक्टरांनी रक्त बघून मान हलवली. हळू चालणारा आता पळायला लागला होता, गोळी त्याला किती धरेल सांगता येत नव्हतं.

त्यानंतर मी दर रविवारी जायचो. चैत्र संपत आलेला एक रविवार होता. ते बाजेवर पडून होते, डोळे पिवळट, मनगटं काटकीसारखी. दुकान बंदच होतं, पण दाराशी तीन मोटारी कुणीतरी आशेनं आणून ठेवल्या होत्या. तेवढ्यात एक तरुण बाई आणि तिचा नवरा पत्ता विचारत आले. तिचा हात डाव्या बरगडीखाली होता.

“मोटारवाले भागुजीभाऊ हितंच ऱ्हात्यात का?” नवऱ्यानं विचारलं. “पुन्याच्या दवाखान्यात एक मावशी म्हनल्या, त्यांना भेटा. त्यांना लई वर्षं झालीत म्हनं. हिला परवाच सांगितलंय.”

ती बाई माझ्याकडे बघत होती, बाजेकडे बघत होती, परत माझ्याकडे. मी काही बोलणार तोच भागुजीभाऊ कोपरावर उठले. कसे उठले कुणास ठाऊक. पाठ भिंतीला न टेकता ताठ बसले आणि माझ्याकडे बोट केलं.

“हे काय भागुजीभाऊ. मी यांचा चुलतभाऊ, कावीळ झालीया मला. बसा ना. चौदा वर्षं झाली त्यांना. त्यांनाच इचारा.”

चहा घेऊन आलेल्या सखूबाई उंबऱ्यातच थांबल्या आणि तशाच आत वळल्या. ती बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. नव्या गोळीनं माझे गाल भरले होते, थोडं पोटही सुटलं होतं. आयुष्यात मी एकाही दाखल्यावर खोटी नोंद केलेली नव्हती.

“हो,” मी म्हणालो. “चौदा झाली.”

“डाग दिलाय का?” मी तिला विचारलं. तिनं मान खाली घातली. मग मी शर्ट वर करून माझे दोन पांढरे डाग तिला दाखवले. तिच्या नवऱ्यानं हातातली पिशवी खाली ठेवली. ती हसली नाही, पण बाजेच्या कडेवर बसली आणि जेवण कसं ठेवायचं, गोळी उपाशी घ्यायची का, दोन वर्षांचं पोर आहे त्याला जवळ घ्यायचं का, असं विचारू लागली. भागुजीभाऊ शेजारी बसून ऐकत होते. माझं काही राहिलं की “आन ते खेडचं सांगा की, भाऊ,” असं मध्येच म्हणत होते. मला त्यांनी पहिल्यांदाच भाऊ म्हटलं.

त्या दोघांबरोबरच मी निघालो, जुन्नरची गाडी एकच होती. निघताना भागुजीभाऊंच्या हातावर हात ठेवला, तर तो तापानं भाजत होता. “पुढच्या दिवाळीला पंधरा सांगा,” ते माझ्या कानाशी म्हणाले. “इसरू नका.”

रस्त्याच्या वळणावर मी मागे बघितलं. पत्र्याच्या सावलीत भागुजीभाऊ अजून ताठ बसले होते. दोन्ही हातांनी बाजेची कड घट्ट धरली होती. ती बाई कदाचित मागे वळून बघेल, म्हणून बसले होते. ती बघत नव्हती, नवऱ्याशी काहीतरी बोलत पुढे निघाली होती. मागे एकटा मीच बघत होतो, आणि एवढ्या लांबून ते त्यांना दिसत नव्हतं.